मॉडेल-एची बॉडी ड्यूसच्या चेसिसवर: आधी दार, मग बोल्ट

माझे काका दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये बॉडी बांधायच्या कामावर होते. नुसती चेसिस, म्हणजे चाकांवरचा लोखंडी सांगाडा, आत यायची आणि काही दिवसांनी लाल बस होऊन बाहेर पडायची. काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "बोल्ट आवळले म्हणजे बॉडी बसली असं नाही रे. दार लागलं म्हणजे बसली." हे वाक्य मला मिशिगनमधल्या माझ्या गॅरेजात आठवलं, पण चूक करून झाल्यावर. 1930 च्या फोर्ड मॉडेल-ए कूपेची, म्हणजे दोन दारांच्या गाडीची, बॉडी 1932 च्या फोर्डच्या ('ड्यूस'च्या) धर्तीवरच्या नव्या चेसिसवर ठेवली, बारा बोल्ट कचकचून आवळले आणि डावं दार लावायला गेलो, तर ते मधेच अडकलं. रात्रीपर्यंत बिजागऱ्यांशी झगडलो. दोष बिजागऱ्यांचा नव्हताच.

नव्वद वर्षांपूर्वीची पत्र्याची बॉडी ही झाकण नसलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी असते. चार कोपऱ्यांत कुठेही दोन मिलीमीटर वर-खाली झालं की सगळं खोकं मुरडतं. चेसिस मात्र ताठ असते. बोल्टने ओढलं की बॉडी मुकाट्याने चेसिसचा आकार घेते, आणि त्याची शिक्षा दारांना भोगावी लागते. पुढचं सगळं काम ही एकच गोष्ट टाळण्यासाठी आहे.

हीच जोडी का

फोर्डने मॉडेल-ए 1928 ते 1931 या मॉडेल वर्षांत विकली, जवळजवळ 48 लाख गाड्या. त्यामुळे बॉड्या अजूनही शेतातल्या गोठ्यांत सापडतात. इंजिन चार सिलिंडरचं, 40 हॉर्सपॉवरचं. 1932 साली फोर्डने व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन आणलं, 221 घन इंच आणि 65 हॉर्सपॉवर. त्या गाडीला हॉट रॉडवाले, म्हणजे जुन्या गाड्या वेगासाठी बदलणारे, 'ड्यूस' म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक आणि एल मिराजच्या सुकलेल्या तळ्यांवर गाड्या पळवणाऱ्या पोरांनी हलकी बॉडी एकीकडून आणि दणकट चेसिस दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली, आणि ही जोडी जमली ती जमलीच.

ड्यूसच्या चेसिसचं देखणेपण तिच्या लाँग मेंबरमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लांब लोखंडी दांड्यांमध्ये आहे. बाजूला लांबभर दाबून काढलेली एक रेघ असते, कारण त्या गाडीत लाँग मेंबर झाकलेलाच नव्हता. मॉडेल-एचा लाँग मेंबर पत्र्याच्या पट्टीआड लपलेला. मडगार्ड काढून टाकलं की ड्यूस नेटकी दिसते आणि मॉडेल-ए झब्ब्याखाली लेंगा घालायला विसरल्यासारखी.

खऱ्या 1932 च्या चेसिसला आता सोन्याचा भाव आहे. बहुतेक जण नवीन बनवलेली घेतात, मीही तीच घेतली. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला 'वर मॉडेल-एची बॉडी बसणार आहे' हे स्पष्ट सांगा. ड्यूसचे लाँग मेंबर पुढच्या बाजूला, कावलपाशी (दारांच्या पुढचा, काचेखालचा बॉडीचा भाग) मॉडेल-एच्या बॉडीपेक्षा रुंद पडतात आणि बाहेर डोकावतात. बनवणारे ते तिथून पुढे आत दाबून देतात, त्याला 'पिंच' करणं म्हणतात. नंतर घरी कापून दाबायचं म्हटलं तर एका कामाची तीन कामं होतात.

कागद आधी

मॉडेल-एचा नंबर बॉडीवर नसतो. तो चेसिसच्या डाव्या लाँग मेंबरवर वरून ठोकलेला असतो, बॉडीखाली झाकलेला. म्हणजे तुम्ही नुसती बॉडी विकत घेता तेव्हा कागदोपत्री गाडी विकत घेतलेलीच नसते. अमेरिकेत दर राज्याची पद्धत वेगळी आहे. बहुतेक ठिकाणी तपासणी होऊन राज्याकडून नवा नंबर मिळतो, आणि त्यासाठी प्रत्येक मोठ्या भागाची पावती लागते. नटबोल्टची पिशवी आली तरी पावती फाइलला लावा.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडं थांबतो. आपल्याकडे 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसेल तरच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 ही अशा फेरबदलांना आडवं येतं. आजोबांची गाडी मूळ रूपात शिल्लक असेल तर कृपा करून तिला हात लावू नका. हा खेळ भंगारात निघालेल्या, चेसिस हरवलेल्या बॉडीसाठी आहे.

वर ठेवायची की खाली उतरवायची

बॉडी लाँग मेंबरच्या माथ्यावर बसवली तर ती 'हायबॉय'. तळ कापून लाँग मेंबरच्या भोवती खाली उतरवली तर 'चॅनल' केलेली. चॅनल केलेली गाडी जमिनीला चिकटल्यासारखी दिसते, फोटोत फार छान येते. पण चार-पाच इंच उतरवली की तेवढीच उंची पायांच्या आणि डोक्याच्या जागेतून जाते. मी पाच फूट अकरा इंच आहे. त्या गाडीत बसायचं तर गुडघे कानाशी येतात. पहिलीच गाडी असेल तर हायबॉय करा, कारण तळ शाबूत राहतो आणि चूक झाली तर बॉडी उचलून पुन्हा ठेवता येते. पुढचं सगळं हायबॉयबद्दल आहे.

चेसिस समतल करणं

गॅरेजच्या फरशीला दाराकडे उतार असतो, पाणी बाहेर जावं म्हणून. त्यामुळे जॅक स्टँड, म्हणजे आपल्याकडच्या घोड्या, चारही सारख्या खाचेवर ठेवल्या की चेसिस सारखी झाली असं समजू नका. पाणसळ आडवी आणि उभी लावून प्रत्येक घोडीखाली पत्र्याचे तुकडे द्या. मग कर्ण मोजा: पुढच्या डाव्या भोकापासून मागच्या उजव्या भोकापर्यंत, आणि उलट. दोन्हींत 1/8 इंचापेक्षा जास्त फरक असेल तर चेसिस गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही, पुढे जाऊ नका.

चेसिसचा मध्य काढायला ओळंबा सोडतो मी, गवंड्याकडचा साधा पितळी ओळंबा. पुढच्या आणि मागच्या क्रॉस मेंबरच्या, म्हणजे चेसिसच्या आडव्या दांड्यांच्या मध्यातून ओळंबा सोडून फरशीवर दोन खुणा केल्या, त्यांच्यामधून निळ्या खडूची दोरी झटकली. ही रेघ महिनाभर पुसू देऊ नका. माझ्या मुलीने त्यावरून सायकल नेली होती, त्या दिवशी घरात बराच आवाज झाला.

या टप्प्याला चेसिसला पुढचा-मागचा ॲक्सल, पाटे किंवा स्प्रिंग आणि प्रत्यक्ष वापरायची चाकं लावलेली हवीत. इंजिन आणि गिअरबॉक्सही जागेवर हवेत. रिकामं इंजिन कवच असलं तरी चालेल. हॉट रॉडचं नाक थोडं खाली असतं, तेव्हा ही सगळी मापं जमिनीपासून न घेता चेसिसच्या माथ्यापासून घ्यायची.

बॉडी उचलण्याआधी तिला बांधा

माझी चूक इथे झाली होती. बॉडीचे खालचे सबरेल, म्हणजे तिला तळाशी तोलणाऱ्या लांब पट्ट्या, गंजून पापड झाले होते, दोन्ही एकदम कापले आणि बॉडी मोकळी सोडली. दाराची चौकट 6 मिलीमीटरने आवळली. एवढ्याने काय होतं, असं मला वाटलं होतं. दार काही मानलं नाही.

म्हणून आधी दारं लावा, फटी जुन्या सबरेलवरच जमतील तेवढ्या जमवा, आणि मग एक इंची चौकोनी पाइपचे आधार टॅक मारून, म्हणजे वेल्डिंगचे ठिपके देऊन बसवा. प्रत्येक बाजूला बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत एक पाइप वर, एक खाली आणि एक तिरका. दोन्ही बाजूंच्या खांबांना जोडणारी आडवी फुली आतून. आधार असे लावा की दार उघडता-मिटता येईल, नाहीतर मोजमाप कशाचं करणार? नवे सबरेल नंतर एका वेळी एकाच बाजूचे बसवा.

आणि वेल्डिंगची टॉर्च हातात घेण्याआधी कावलकडे बघा. मॉडेल-एची पेट्रोलची टाकी मागे नसते. ती कावलमध्ये, डॅशबोर्डच्या पुढे, ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या वरच असते, आणि तिचा माथा हाच गाडीचा बाहेरचा पत्रा असतो. चाळीस वर्षं कोरडी पडलेली टाकीसुद्धा आत वाफ धरून ठेवते. टाकी उतरवून गॅरेजबाहेर ठेवल्याशिवाय आसपास ठिणगी पाडायची नाही, यावर वाद नको. पण तिच्यामुळे कावलला ताठपणा मिळतो, म्हणून ती काढली तर तिच्या जागी तात्पुरता आडवा पाइप हवाच.

बॉडी वर ठेवणं

चार माणसं आणि पिझ्झा, एवढ्यात होतं. इंजिन उचलायच्या क्रेनने उचलणार असाल तर पट्टे सबरेलखालून घ्या. कूपेचं छप्पर धरून उचलायचा मोह होतो, पण मॉडेल-एच्या छपराचा मधला भाग पत्र्याचा नसतोच, तो लाकडी पट्ट्यांवर ताणलेलं कापड असतो.

चेसिसवर आधी लाकडाचे सारख्या जाडीचे तुकडे ठेवा आणि त्यांवर बॉडी टेकवा, म्हणजे बोटं चिरडत नाहीत आणि सरकवायला जागा राहते. दोन्ही गाड्यांच्या व्हीलबेसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरात, अडीच इंचांचा फरक आहे: मॉडेल-ए 103.5 इंच, ड्यूस 106. हे अडीच इंच कुठे घालवायचे? माझं मत स्पष्ट आहे, पुढे. मागचं चाक बॉडीच्या कमानीच्या बरोबर मध्ये आणा, तिथे अर्धा इंचाची चूकही दहा फुटांवरून दिसते. उरलेली लांबी कावल आणि ग्रिल यांच्यामध्ये जाते, आणि बॉनेट तसंही नवं करावंच लागतं.

बॉडी पुढे-मागे जमली की खाली वाकून मागचा भाग बघा. ड्यूसचे लाँग मेंबर मागच्या ॲक्सलपाशी वर उचलले जातात. मॉडेल-एची चेसिस तिथे बरीच सपाट असते, म्हणून तिच्या बॉडीच्या मागच्या सबरेलला या चढाची कल्पना नाही. तिथे बॉडी टेकून बसते आणि पुढचा भाग हवेत राहतो. पुठ्ठ्याचा साचा कापून चढाचा आकार सबरेलवर उतरवा आणि तेवढाच भाग कापा. एकदम कापू नका. माझी बॉडी पाच वेळा वर-खाली झाली, शेवटच्या वेळी शेजाऱ्याने दार उघडलं नाही. कापलेली कड नव्या पट्टीने बंद करायला विसरू नका, सबरेलची ताकद त्या कडेतच असते.

मग मध्य. बॉडीच्या मागच्या पॅनेलचा मध्य आणि फायरवॉलचा (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याचा) मध्य काढून दोन्हींतून ओळंबा सोडा, दोन्ही टोकं निळ्या रेघेवर पडली पाहिजेत. बॉडीची कड लाँग मेंबरच्या बाहेर डाव्या-उजव्या बाजूला सारखी निघते का तेही बघा. जुनी बॉडी दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखी नसते, फोर्डच्या कारखान्यातून निघाली तेव्हाही ती नव्हती. 1/8 इंचाचा फरक दोन्हीकडे वाटून घ्या.

पाचर

आता मुख्य काम. लाकडी तुकडे काढा आणि त्यांच्या जागी बोल्टच्या प्रत्येक जागेवर तुम्ही शेवटी वापरणार आहात तीच पट्टी ठेवा. मूळ मॉडेल-एत लाकडी ठोकळे असायचे, ड्यूसमध्ये विणलेल्या कापडाची पट्टी. आता रबर मिळतं. जे काही असेल ते आत्ताच घाला. मापं उघड्या लोखंडावर घेतली आणि रंगकामानंतर पाव इंची रबर घातलं, तर सगळं गणित पहिल्यापासून.

बोल्ट न लावता दारं मिटा. फट सगळीकडे 3/16 इंच मिळाली तर उत्तम. मी त्या जाडीची अॅल्युमिनियमची पट्टी कापून फटीतून फिरवतो. डोळ्यापेक्षा हात लवकर ओळखतो. मॉडेल-ए कूपेच्या दाराची बिजागरी पुढे असते, तेव्हा कुलपाच्या बाजूची उभी फट तुम्हाला सगळं सांगेल.

ती फट वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर बॉडी मधे वर उचललेली आहे, दोन्ही टोकं खाली गेली आहेत. कावलच्या पुढच्या बोल्टखाली पाचर द्या. कावल मागे झुकतो आणि वरची फट मिटते. उलट, वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर बॉडी मधे बसली आहे. कुलपाच्या खांबाखाली पाचर द्या. दाराचा मागचा कोपरा बाहेर उभा राहत असेल तर बॉडी पीळ खाल्लेली आहे, मग त्याच बाजूच्या एका टोकाला पाचर देऊन बघा.

पाचर म्हणजे एक मिलीमीटर जाडीच्या पत्र्याचे यू आकाराचे तुकडे, म्हणजे बोल्ट न काढता आत सरकवता येतात. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. 'डावी कावल, 2' असं. दोन ठिकाणी एकदम पाचर दिली की काय कशामुळे झालं ते कळत नाही. माझ्या वहीत चौदा ओळी आहेत, त्यातल्या सहा खोडलेल्या. शेवटी डाव्या कावलखाली तीन, उजव्या खांबाखाली एक, बाकी शून्य. ज्या दाराने मला रडवलं ते दोन बोटांनी ढकललं आणि खट् आवाज करून लागलं. काकांना व्हिडिओ पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "दुसरं दाखव."

भोकं आणि बोल्ट

ड्यूसचे नवे लाँग मेंबर बहुधा बंद पेटीसारखे असतात. त्यातून वरून खाली आरपार बोल्ट घालून आवळला तर पेटी चेपते. बोल्टच्या जागी लाँग मेंबरमध्ये आटे असलेली जाड नळी वेल्ड करा किंवा आरपार स्लीव्ह घाला. मी 3/8 इंची बोल्टसाठी आट्यांची नळी वापरली, डोकं बॉडीच्या आतून आवळता येतं.

पहिली खूण कावलच्या एका बोल्टची, दुसरी तिरकस समोरच्या मागच्या कोपऱ्याची. हे दोन हलके लावले की बॉडी जागची हलत नाही, मग बाकीच्या खुणा करा. आधी बारीक ड्रिल, मग पूर्ण. बॉडीतलं भोक लांबट ठेवा आणि वर जाड, रुंद वॉशर द्या. रबर असलेल्या सांध्यावर टॉर्क पान्याचा आकडा गाठायच्या मागे लागू नका. रबर फुगायला लागलं की थांबा, बोल्ट सुटू नये म्हणून स्लीव्ह असेल तिथे नायलॉनचा नट, आट्यांच्या नळीत चिकट द्रव वापरा. आणि शेवटचा बोल्ट आवळल्यावर पुन्हा दार मिटून बघा. फट बदलली असेल तर त्या बोल्टखाली पाचर कमी आहे.

बाकीच्या गोष्टी, झटपट

मागची स्प्रिंग काढून ॲक्सल वर बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे त्याला अडवणाऱ्या ठोकळ्यापर्यंत न्या, तिथेही ॲक्सलचं हाऊसिंग बॉडीच्या तळाला लागता कामा नये. उभ्या स्थितीत निदान तीन इंच मोकळे हवेत.

फायरवॉलपाशी शेव्हीचं, म्हणजे शेव्हरलेचं व्ही-8 असेल तर डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या मागच्या टोकाला येतो. टोपी काढता येईल एवढी जागा ठेवा, नाहीतर फायरवॉलला खोलगट करावं लागेल. फरशीचा पत्रा गिअरबॉक्स आणि शाफ्ट बसल्यावरच कापा. ब्रेकचा मास्टर सिलिंडर फरशीखाली असेल तर वर उघडणारं झाकण ठेवा. तो चाकांच्या ब्रेकपेक्षा खाली आला तर लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो: डिस्कला 2 पीएसआय, ड्रमला 10. हे विसरल्यावर पेडल पहिल्या दाबाला खाली जातं.

ग्रिल शेवटी. कावलच्या वरच्या कडेपासून ग्रिलच्या माथ्यापर्यंत दोरी ताणा आणि रस्त्यापलीकडे जाऊन बघा. माझी पहिली रेघ पाऊण इंच चढी होती, गाडी शिंकणार असल्यासारखी दिसत होती.

हे सगळं जमल्यावर पुन्हा सगळं खोलायचं आहे, रंगासाठी. प्रत्येक पाचरीवर जागेचं नाव कोरा, कारण रंगवाल्याकडे चिकटपट्टीवरची अक्षरं टिकत नाहीत. परत जोडताना बॉडीपासून चेसिसला आणि चेसिसपासून इंजिनला अर्थिंगची जाड विणलेली पट्टी द्या. रबरामुळे बॉडी चेसिसपासून तोडली गेलेली असते. माझा डावा हेडलाइट हॉर्न वाजवला की पेटायचा, त्याचं कारण एवढंच होतं.

दोनशे मैल झाले की सगळे बोल्ट पुन्हा तपासा. रबर तोवर बसलेलं असतं. माझ्या गाडीत मागचे दोन अर्धा आटा फिरले, पुढचे जागचे हलले नाहीत. उजवं दारही लागतं आता. काकांना तो व्हिडिओ अजून पाठवायचा आहे.